हलकी हार्नेस आधी घरी टांगा

पॅराग्लायडिंगची दोन किलोची नवी हार्नेस (उडताना आपण बसतो ती पट्ट्यांची बैठक) थेट कामशेतला उडायला न्यावी का, असं एकाने विचारलंय. नेऊ नका. आधी घरी झोपाळ्याच्या भक्कम कड्यांना दोन्ही कॅराबिनर (हार्नेस आणि डोक्यावरचा कापडी पंख, म्हणजे विंग, जोडणारे हूक) अडकवा आणि चांगला अर्धा तास बसा. बूट, हेल्मेट, पाण्याची बाटली, सगळं घेऊन. मांड्यांना मुंग्या आल्या किंवा पाठ मागे कलंडली तर खांद्याचे आणि बाजूचे पट्टे तिथेच जुळवता येतात. छातीचा पट्टा अंदाजाने ओढू नका. दोन कॅराबिनरमधलं अंतर टेपने मोजा. साधारण ४० ते ५० सेंमी असतं, पण तुमच्या विंगच्या मॅन्युअलमधला आकडा खरा. पट्टा फार आवळला तर विंगच्या दोऱ्यांना पीळ पडायचा धोका वाढतो.

रिझर्व्हचं, म्हणजे आणीबाणीच्या पॅराशूटचं, हँडल डोळे मिटून सापडलं पाहिजे. टांगलेलं असतानाच एकदा खरोखर ओढून बघा, मग जाणकाराकडून परत पॅक करून घ्या.

आणि पायांचे पट्टे! फोटो काढायला म्हणून मी एकदा टेकडीवर ते सोडले आणि तसाच विंग उचलायला निघालो. मित्र ओरडला म्हणून वाचलो, नाहीतर काखेत लटकत गेलो असतो. तेव्हापासून उड्डाणाआधी तोंडाने मोजतो: पाय, पाय, छाती, हेल्मेट. लोक हसतात, हसू देत.

बऱ्याच हलक्या हार्नेसमध्ये पाठीला जाड फोम नसतो. उतरताना वेळेवर पाय खाली सोडा, बसून टेकू नका. आणि आपल्याकडच्या काळ्या दगडांवरून ती फरफटत नेऊ नका, पातळ कापड लगेच फाटतं.