आम्स्टलव्हेनजवळ गावासारख्या शांत वस्तीत भाड्याने घर: बोव्हनकर्क, आउडे डॉर्प की आउडरकर्क?

आंबेमोहर:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरपासून नेदरलँड्समध्ये, आम्स्टरडॅमशेजारच्या आम्स्टलव्हेनच्या आसपास भाड्याचे घर हवे आहे. माणसे तीन, त्यात सहा वर्षांची मुलगी. ऑफिस झाउडआसला (आम्स्टरडॅममधला कार्यालयांचा भाग), आठवड्यातून तीन दिवस. मूळ भाडे (वीज, पाणी, सर्व्हिस खर्च सोडून) २२०० युरोपर्यंत. मोठ्या इमारती नकोत. दारासमोर मूल खेळू शकेल आणि रात्री सामसूम होईल अशी वस्ती हवी. बोव्हनकर्क, आउडे डॉर्प आणि आउडरकर्क आन द आम्स्टल ही तीन नावे काढून ठेवली आहेत. यातले कोणते निवडावे? घर बघताना आणि करार करताना काय तपासावे? स्वयंपाक रोजचा आपलाच, म्हणजे फोडण्या, कुकर, सगळे.

दुचाकीदादा:
तिन्ही जागांचा स्वभाव वेगळा आहे. आउडे डॉर्प म्हणजे आम्स्टलव्हेनचे जुने गाव. डॉर्प्सस्ट्राटवर हॉटेले, बाहेर मांडलेल्या खुर्च्या. त्यामुळे शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी तिथे सामसूम नसते, मागच्या गल्ल्यांत असते. बोव्हनकर्क 'पूल' नावाच्या तळ्याच्या काठी आहे. मधोमध सेंट उर्बानसचे मोठे विटांचे चर्च, २०१८ च्या आगीनंतर पुन्हा उभे केलेले. चर्चजवळ जुनी घरे आहेत आणि बाकी बहुतेक बागा असलेली रांगेतली घरे. मुलांसाठी हे सर्वांत सोयीचे. आउडरकर्क हे खरेखुरे नदीकाठचे गाव, पण तिथली खेमेन्ते (नगरपालिका) वेगळी, आउडर-आम्स्टल. रेल्वे, मेट्रो, ट्राम यातले काहीच नाही, सगळी भिस्त बसवर.

झाउडआस बोव्हनकर्कहून सायकलने साधारण सहा-सात किलोमीटर, अर्धा तास धरा. उन्हाळ्यात आम्स्टरडॅमसे बोसमधून जाणे सुखाचे. पण त्या जंगलातल्या बऱ्याच वाटांवर दिवे नाहीत, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी रस्त्याकडेची सायकलवाट धरावी लागते. आउडरकर्कहून नदीच्या काठाकाठाने सात-आठ किलोमीटर. तिथे आडोसा नाही आणि समोरून वारा आला की चांगलीच दमछाक होते. बसचे वेळापत्रक बघताना रविवारचे आणि रात्री दहानंतरचे बघा. गावाकडच्या बसची खरी परीक्षा तिथे होते.

आता शांततेबद्दल, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. स्खिपहोल विमानतळ जवळ आहे आणि कुठली धावपट्टी चालू आहे यावर आवाज ठरतो. पोल्डरबान आणि काखबान यांना प्राधान्य असते, कारण त्यांचा त्रास कमी लोकांना होतो. पश्चिमेचा जोराचा वारा असला किंवा त्या धावपट्ट्यांची दुरुस्ती निघाली की बाउटनवेल्डर्टबान वापरतात. त्या वेळी पूर्वेकडून उतरणारी विमाने आम्स्टलव्हेनच्या उत्तर कडेवरून खाली येतात. ती रेषा आउडे डॉर्पला जवळची आहे, बोव्हनकर्कला त्यामानाने लांब. पण बोव्हनकर्कच्या पश्चिमेला आल्समेरबान आहे, तिथल्या उड्डाणांची घरघर ऐकू येते. घर बघायला गेलात आणि वर एकही विमान दिसले नाही, तर त्यावरून काहीच ठरवू नका. विमानतळाच्या रहिवासी संपर्क केंद्राच्या, म्हणजे बासच्या संकेतस्थळावर कोणत्या दिवशी कोणती धावपट्टी चालू होती ते दिसते. वारे वाहणाऱ्या दिवशी पुन्हा एक चक्कर मारा, तीही सकाळी सातच्या सुमारास.

पाणचक्की:
करार आणि पैशांविषयी लिहितो.

१ जुलै २०२४ पासून नियम बदलले आहेत. एक, मुदतीचे करार आता अपवादानेच करता येतात, नेहमीचा करार बेमुदत. दोन, घराला गुण देऊन भाडे ठरते. १४३ गुणांपर्यंत स्वस्त गट, १४४ ते १८६ मधला गट, १८७ पासून पुढे मुक्त भाडे. तुमच्याकडून २२०० मूळ भाडे मागायचे असेल तर घराला किमान १८७ गुण भरायला हवेत. १८६ भरले तर २०२५ मधल्या करारांसाठी कमाल मूळ भाडे ११८४.८२ युरो होते, आणि हा आकडा दर १ जानेवारीला बदलतो. म्हणजे एका गुणावर महिन्याला हजार युरो इकडचे तिकडे. राष्ट्रीय स्मारक असलेल्या घराला कमाल भाड्यावर ३५ टक्के वाढ मिळते, खेमेन्तेच्या स्मारकाला १५ टक्के. जुन्या गावठाणात घर घेताना हे आधीच विचारून घ्या.

१ जानेवारी २०२५ पासून गुणांचा तक्ता करारासोबत देणे मालकावर बंधनकारक आहे. तक्ता मिळाला की ह्यूरकमिसीच्या (भाड्याचे तंटे सोडवणारी सरकारी समिती) संकेतस्थळावर स्वतः मोजून पडताळा. गुण मुख्यतः खोल्यांच्या क्षेत्रफळावर, ऊर्जेच्या लेबलवर, घराच्या वोझ किमतीवर (खेमेन्तेने करासाठी ठरवलेली किंमत), स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बागेवर मिळतात. गावाकडच्या घरांत एक चूक हमखास सापडते: माळा बेडरूम म्हणून मोजलेला असतो, पण वर जायला पक्का जिना नसून घडीची शिडी असते. तसा माळा खोली धरला जात नाही आणि गुणही कापले जातात. वोझ किंमत, क्षेत्रफळ आणि बांधकामाचे वर्ष सरकारी वोझ-लोकेटवर पत्ता टाकून फुकट दिसते. मुक्त भाड्याच्या घराचे सुरुवातीचे भाडे तपासून घ्यायचे तर करार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ह्यूरकमिसीकडे जावे लागते. नंतर ती वाट बंद.

अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांचे मूळ भाडे, तुमच्या बाबतीत ४४००. पहिल्या महिन्याचे भाडे धरून ६६०० हाताशी ठेवा. घर सोडल्यावर अनामत १४ दिवसांत परत, काही कापायचे असेल तर ३० दिवसांत, हिशेबासह. माकेलार, म्हणजे घरांचा दलाल, मालकाने नेमलेला असेल तर त्याला तुमच्याकडून दलाली घेता येत नाही, मग ती 'कराराचा खर्च' म्हणून मागितलेली असो की 'नोंदणी शुल्क' म्हणून. उत्पन्नाची अट मात्र खरी असते: महिन्याचा ढोबळ पगार मूळ भाड्याच्या तीन ते साडेतीन पट, काही जण चारही मागतात.

करार बेमुदत असला तरी पहिले बारा महिने तुम्हाला सोडता येणार नाही, असे कलम अनेकदा असते. त्यानंतर तुमच्याकडून एक महिन्याची सूचना पुरते, ती रजिस्टर पत्राने द्या. 'डिप्लोमॅट क्लॉज' दिसला तर थांबून वाचा. मालक परदेशी गेलेला असतो आणि परत येऊन स्वतः राहणार असतो. ते कायदेशीर आहे, पण मुलीची शाळा लागल्यावर दोन वर्षांनी घर सोडावे लागू शकते. शाळकरी मूल असेल तर ते कलम असलेले घर घेऊ नका, भले बाग कितीही सुंदर असो.

आंबेमोहर:
पाणचक्की, फार उपयोगी. जाहिरातींत 'काल', 'खेस्टोफेर्ड', 'खेमुबिलेर्ड' असे शब्द दिसतात. काल घरे बरीच स्वस्त दिसतात. घ्यावे का?

शेवंता:
काल म्हणजे खरोखर उघडेबोडके. फरशी नाही, नुसते काँक्रीट. पडदे नाहीत, छताला दिव्याच्या जागी वायर लोंबते. खेस्टोफेर्डमध्ये जमीन, पडदे आणि बहुधा स्वयंपाकघरातली यंत्रे. खेमुबिलेर्डमध्ये पलंग-सोफ्यापर्यंत सगळे. काल घरात लॅमिनेट घातले आणि पुढे घर सोडले, तर मालक ते काढून न्यायला सांगू शकतो. जुना भाडेकरू जमीन आणि पडदे विकत देऊ पाहील. पैसे देण्याआधी मालकाकडून लेखी घ्या की ते सामान घरात राहिलेले त्याला चालते. तीन वर्षांहून कमी राहणार असाल तर खेस्टोफेर्डच घ्या.

आता तुमच्या फोडणीचे. डच घरे घट्ट बंद असतात आणि बुरशी धरते ती बहुतेक वाफेमुळे. घर बघताना शेगडीवरच्या एक्झॉस्टचा पाइप कुठे जातो ते बघा. पाइपच नसेल तर एक्झॉस्ट ती हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत खोलीतच सोडतो. वास थोडा कमी होतो, वाफ तशीच राहते. काही घरांत माळ्यावर एकच पंखापेटी असते आणि तीच स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडासातली हवा ओढते. अशा पाइपला मोटरवाला एक्झॉस्ट कधीही जोडू नका, तुमच्या फोडणीचा वास न्हाणीघरात निघेल. तिथे बिनमोटरचाच लागतो. भिंतीवर तीन वेगांचे बटण असते. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी तीनवर, एरवी एकवर, बंद कधीच नाही. खिडकीच्या वरच्या फटीतल्या जाळ्या हिवाळ्यातही उघड्या ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच ते दहा सेंटीमीटर पुढे. भेटीच्या वेळी बेडरूमच्या कोपऱ्यांत, कपाटामागे आणि खिडकीच्या रबरावर काळे ठिपके आहेत का ते बघा. ताजा पांढरा रंग एकाच कोपऱ्यात दिला असेल तर कारण विचारा.

शेगडी इंडक्शन असेल तर भारतातून ॲल्युमिनियमचा कुकर आणू नका. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते चालते.

पाणचक्की:
शेवंतांनी पंखापेटीबद्दल लिहिले ते सोन्यासारखे. त्यात ओपलेव्हरिंगची भर घालतो, म्हणजे किल्ल्या घेण्याच्या दिवशीची तपासणी. अनामतीची भांडणे तिथेच जिंकली वा हरली जातात.

त्या दिवशी दीड तास राखून ठेवा आणि उजेडात जा. वीज, गॅस, पाणी या तिन्ही मीटरच्या आकड्यांचे फोटो काढा, मीटरचा क्रमांक फोटोत यायला हवा. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, जमिनीवरचे ओरखडे, ओव्हनच्या आतली बाजू, शॉवरच्या सिलिकॉनची कड, बागेतले कुंपण, सगळे टिपा. प्रत्येक नळ उघडा, प्रत्येक खिडकी उघडून लावा. धूरसूचक प्रत्येक मजल्यावर हवा, १ जुलै २०२२ पासून ते सक्तीचे आहे. तपासणीच्या कागदावर 'चांगले' असे मोघम लिहू देऊ नका. 'बैठकीत खिडकीखाली २० सेंटीमीटरचा ओरखडा' असे लिहून घ्या, दोघांच्या सह्या, आणि त्याच संध्याकाळी फोटो मालकाला ईमेलने पाठवा. तोंडी 'तेवढं चालतं' याला नंतर किंमत राहत नाही.

बॉयलरचा दाब बघा. दीड ते दोन बार हवा, एकच्या खाली गेला की पाणी भरायचे. हे काम भाडेकरूचे. पद्धत अशी: बॉयलर बंद करून निवू द्या. रबरी नळीचे एक टोक पाण्याच्या नळाला लावा. नळी आधी पाण्याने भरून तिच्यातली हवा घालवा, नाहीतर ती हवा रेडिएटरमध्ये जाते. मग दुसरे टोक भरण्याच्या तोटीला घट्ट लावा, दोन्ही तोट्या हळूहळू उघडा, काटा दीडच्या वर आला की बंद. रेडिएटर गुडगुडत असेल तर किल्लीने वरची हवा सोडा, नंतर दाब पुन्हा बघा. आठवड्यात दोनदा भरावे लागले तर कुठेतरी गळती आहे, ते काम मालकाचे. बॉयलर उघडून दुरुस्त करायला मात्र प्रमाणित कंपनीच लागते.

तळ्याकाठी:
बाग असलेल्या घराचा करार करताना बागेचे कलम वाचा. गवत, कुंपणाची छाटणी, फरशीतले तण हे भाडेकरूकडे येते. हात पोचण्यासारखे पन्हाळे साफ करणेही. लाकडी कुंपणाची फळी मोडली तर ती बदलणेही भाडेकरूकडेच.

खर्चात हे धरा: कचरा कर आणि वाटरस्खापचा (पाणी-व्यवस्थापन मंडळाचा) जलकर भाडेकरू भरतो, मालमत्ता कर मालक. सर्व्हिस खर्च घेत असतील तर वर्षाचा हिशेब पुढच्या जूनअखेरपर्यंत मिळायला हवा.

शाळेबद्दल: मुलीला डच येत नसेल तर पहिले वर्ष बहुधा नवागतांच्या भाषावर्गात जाते, आणि तो वर्ग गावातल्या शाळेत असेलच असे नाही. पत्ता ठरवण्याआधी खेमेन्तेला विचारा. कुटुंबाच्या डॉक्टरालाही आधी फोन करा, पिनकोड सांगून नवे रुग्ण घेता का ते विचारा.

आंबेमोहर:
एक जाहिरात आवडली होती, पण मालक म्हणतो पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही आणि तो सध्या स्पेनमध्ये आहे.

दुचाकीदादा:
सोडून द्या. देशात आल्यावर पाच दिवसांत खेमेन्तेत नोंदणी करायची असते, त्याशिवाय बीएसएन (नागरिक क्रमांक) नाही आणि पुढचे पगार, बँक, विमा काहीच नाही. घर न दाखवता अनामत मागणे आणि चावी कुरियरने पाठवतो म्हणणे हा ठरलेला सापळा आहे. शंका आली तर काडास्टरमधून (जमीन-घरांच्या सरकारी नोंदवहीतून) काही युरोत घराच्या मालकाचे नाव काढा आणि करारावरच्या नावाशी ताडून बघा.

तुमच्या गरजा बघता बोव्हनकर्क आधी शोधा, चर्चच्या दोन-तीन गल्ल्या मागे. तिथे काही नाही मिळाले तर आउडे डॉर्पच्या मागच्या बाजूला. फुंडा आणि परारियस या घरांच्या जाहिरातींच्या दोन्ही संकेतस्थळांवर सूचना लावा आणि कागद एका पीडीएफमध्ये तयार ठेवा: नोकरीचा करार, तीन पगारपत्रके, कंपनीचे पत्र, पासपोर्टची प्रत. प्रतीवरचा बीएसएन झाकून आणि 'फक्त घरभाड्यासाठी' असे तारखेसह लिहून द्या. सकाळी आलेल्या घराच्या भेटी संध्याकाळपर्यंत भरतात.

आंबेमोहर:
सगळ्यांचे आभार. शनिवारी बोव्हनकर्कमधले एक घर बघायला वेळ मिळाली आहे, १९७४ सालचे, खेस्टोफेर्ड, ऊर्जा लेबल सी. माळ्याचा जिना आणि एक्झॉस्टचा पाइप आधी बघतो, फोटो इथे टाकतो.

शेवंता:
लेबल सी म्हटल्यावर मागच्या बारा महिन्यांचा गॅसचा वापर घनमीटरमध्ये विचारून घ्या. आणि बेडरूमच्या खिडक्यांची काच दोन पदरी आहे का, काचांमधल्या पट्टीवर छापलेले वर्ष कोणते, तेही बघून या.