मदत हवी आहे : ६,२०० पौंडांचा कॅम्पर ओढायला जुना पिकअप कोणता घ्यावा? (डेन्व्हर)

डोंगरवाट
ट्रॅव्हल ट्रेलर ठरला आहे. २४ फुटी, ड्राय वेट (रिकामं वजन) ४,८००, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट कमाल वजन) ६,२०० पौंड. आम्ही दोघं आणि मुलं (१० आणि ७ वर्षं), चौघांचं वजन मिळून ४४० पौंड. उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा आय-७० महामार्गाने डोंगरातल्या आयझेनहॉवर टनेलपलीकडे जायचं आहे. बजेट २८,००० डॉलर. सगळ्या फोर बाय फोर, चार दारी :
क) २०१७ रॅम १५०० लॅरमी, ५.७ हेमी, ३.२१ ॲक्सल (मागच्या ॲक्सलचं गिअर प्रमाण, आकडा मोठा तितकी ओढ जास्त)
ख) २०१६ फोर्ड एफ-१५० एक्सएलटी, ५.० व्ही८, ३.३१ ॲक्सल
ग) २०१८ एफ-१५० एक्सएलटी, ३.५ इकोबूस्ट (टर्बो), ३.५५ ॲक्सल, ९२,००० मैल
तिन्ही विक्रेते "आरामात ओढेल" म्हणतात. नक्की काय बघून ठरवू?

पान्हा_नं_१०
आधी ब्रोशरमधला टोइंगचा आकडा डोक्यातून काढा. ड्रायव्हरचं दार उघडलं की मधल्या खांबावर पांढरं-पिवळं स्टिकर असतं. त्यावर माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं लिहिलेलं असतं. यालाच पेलोड म्हणतात. तो त्याच गाडीचा आकडा, मॉडेलचा नव्हे. सनरूफ, चामडी सीट, मोठी चाकं लागली की तो घसरतो. म्हणून महागड्या ट्रिमचा (आवृत्तीचा) पिकअप बहुतेक वेळा ओझ्याला कच्चा निघतो. तिन्ही स्टिकरचे फोटो काढून आणा, मग बोलू.

डोंगरवाट
काढले. क १,१८०. ख १,६९०. ग १,७२०. गला मागच्या हौद्यावर घडीचं झाकण आहे, ते विक्रेत्याने नंतर बसवलंय.

पान्हा_नं_१०
आता हिशेब. ड्राय वेट विसरा. त्यात पाणी, गॅस, बॅटरी, भांडीकुंडी काहीच धरलेलं नसतं. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड तिथेच. जीव्हीडब्ल्यूआर धरूनच चाला.

ट्रेलरच्या वजनाचे १० ते १५ टक्के हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) यायला हवेत. १३ धरले तर ८०६. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (बारांनी भार पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) स्वतः ९०. माणसं ४४०. हौद्यात जनरेटर, सरपण, सायकली मिळून १५०. झाले १,४८६.

रॅम ३०६ पौंडांनी नापास. इंजिन दणकट आहे, ओढेलही, पण मागच्या कॉइल स्प्रिंग बसतील, नाक वर जाईल आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी झाल्याने स्टिअरिंग हलकं पडेल. गमध्ये झाकणाचे ६० पौंड वजा करा, कारण कारखान्याबाहेर बसवलेलं काहीही स्टिकरमध्ये धरलेलं नसतं. उरले १७४. पेट्रोलची भरलेली टाकी आधीच धरलेली असते, ती पुन्हा मोजू नका.

आणि हिचवरचं वजन कमी करायला सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवायची युक्ती कुणी सुचवली तर हात जोडा. १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलरची शेपूट हलायला लागते आणि ५५-६० मैलांच्या वेगात ती आवरत नाही.

सह्याद्री_५२८०
पेलोडवर दुमत नाही. तुमच्या रस्त्यासाठी दुसरा मुद्दा हवेचा. टनेल ११,१५८ फुटांवर आहे. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी उतरते. म्हणजे खचे ३८५ हॉर्सपॉवर वर पोचेपर्यंत २६०च्या आसपास, त्यात ३.३१ ॲक्सल आणि ७ टक्क्यांचा चढ. चढेल, पण उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या रांगेत, इंजिन किंचाळत. गचा टर्बो हवा कोंबून ही तूट बरीचशी भरून काढतो. शिवाय गचा ४७० पौंड-फूट टॉर्क ३,५०० आरपीएमलाच मिळतो.

गची दुखरी जागा म्हणजे कॅम फेझर (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारा भाग). २०१७ ते २०२० च्या ३.५ मध्ये हा रोग माहीत असलेला आहे. विक्रेत्याला आधीच बजावा की गाडी सुरू करून ठेवू नको. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाच्या बॉनेटवर हात ठेवून तपासा, कोमट लागलं तर परत या. मग दार उघडं ठेवून स्टार्टर मारा. पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला की समजायचं, फेझर गेलेत. फेझर बदलले असतील तर बिल मागा. नसतील तर त्या कामाचे तीन-चार हजार डॉलर किमतीतून तोडा.

कुणी हेमीच सुचवत असेल तर एक खूण. थंड असताना टिकटिक आणि गरम झाल्यावर बंद, तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलाय. गरम झाल्यावरही चालूच, तर लिफ्टर आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे भाग). पहिलं परवडतं, दुसऱ्यात इंजिन उघडावं लागतं.

हळू_चालवा
कागद राहिले. मागे हिच आणि सात पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे टो पॅकेज (कारखान्यातून आलेला ओढण्याचा संच) असतंच असं नाही. नुसता हिच कुणीही बोल्ट मारून लावतो, त्याने गिअरबॉक्सचा कूलर येत नाही. व्हिन नंबरवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) मूळ विंडो स्टिकर काढा आणि त्यात टो पॅकेज शोधा. ॲक्सलसाठी विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. फोर्डच्या दाराच्या स्टिकरवर ॲक्सल कोड असतो. १९ म्हणजे ३.५५, एल९ म्हणजे तोच पण लॉकिंग. डॅशबोर्डवर ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारा) नसेल तर वेगळा बसवून घ्यावा लागेल.

मग गाडीखाली आडवे व्हा. हिचच्या पिनचं भोक लांबट झालंय का? मागच्या स्प्रिंगवर आधाराला हवेच्या पिशव्या (एअर बॅग) लावल्यात का? लावल्या असतील तर आधीच्या मालकाने बहुधा झेपेल त्याहून जास्त ओढलंय. हिचजवळची चासी सोलल्यासारखी गंजलेली असेल, तर गाडी कदाचित बोट पाण्यात उतरवायला वापरलेली. डिफरन्शियलच्या सीलपाशी तेलाची ओल बघा. दहा गिअरांच्या बॉक्सला ४०-४५ मैलांवर हलका पाय ठेवून चालवा, खालच्या गिअरला येताना धक्का बसतो का ते कळतं. त्याचं तेल मर्कॉन यूएलव्ही. मॅन्युअल १,५०,००० मैल म्हणतं, पण ट्रेलर ओढणाऱ्याने ६०,०००ला बदलावं. ९२,००० मैलांच्या गाडीत बदललेलं नसेल तर तो खर्च पहिल्याच महिन्याचा.

तीन_चतुर्थांश_टन
एवढं पौंड-पौंड मोजण्यापेक्षा एफ-२५० (याहून मोठा पिकअप), ६.२ पेट्रोल घ्या ना. स्टिकर बहुतेक २,५००च्या पुढे असतं. विषय मिटला.

सह्याद्री_५२८०
ओझ्याचा मिटतो, चढाचा नाही. ६.२ला टर्बो नाही, तेही टनेलपाशी धापा टाकणार. रोज ऑफिसला तीच गाडी न्यायची असेल तर खडबडीत चाल आणि पार्किंगची ठेंगणी गॅरेजही लक्षात घ्या. डिझेल बरं, पण या बजेटमध्ये खूप चाललेलंच मिळेल.

डोंगरवाट
ग बघितली. थंड इंजिनाला आवाज नाही, फेझर बदलल्याचं बिल आहे, टो पॅकेज आणि कंट्रोलर दोन्ही आहेत, कोड १९. पण एक सांगायचं राहिलं. जूनमध्ये आई-बाबा येतायत, तीन महिने. दोघं मिळून ३०० पौंड. पुढे कन्सोल नाही, सलग बाक आहे, त्यामुळे सहा जण बसतात.

पान्हा_नं_१०
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! सीटबेल्ट सहा आहेत म्हणून पेलोड वाढत नाही. १७४ उरले होते, त्यातून ३०० गेले. १२६ने जास्त.

तरी जमेल. पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघा आणि कॅम्पग्राउंडला भरा. ट्रेलर ५,८७० वर येतो, हिचवरचे साधारण ४३ पौंड वाचतात. मात्र टाकी मागच्या टोकाला असेल तर ती रिकामी केल्यावर हिचवरचं वजन उलट वाढतं, म्हणून टाकी कुठे आहे ते आधी बघा. हौद्यातले १५० पौंड घरी ठेवा. सरपण तर तिथेच विकत घ्यावं, लाकडाबरोबर कीड नेऊ नये. एवढं केलं तर ६७ पौंड उरतात. आईंची लोणच्याची बरणी बसेल.

पहिल्या फेरीआधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) जा. एकदा सगळे बसून ट्रेलरसकट, एकदा ट्रेलरसकटच पण हिचचे बार काढून, एकदा नुसती गाडी. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असे वेगळे आकडे छापून मिळतात. ट्रेलरशिवाय आणि बार काढलेल्या अशा दोन पावत्यांमधला गाडीच्या दोन्ही ॲक्सलचा फरक म्हणजे हिचवरचं खरं वजन.

बार किती ताणायचे ते टेपने मोजा. पुढच्या चाकावरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत नुसत्या गाडीला समजा ३८ इंच, ट्रेलर अडकवल्यावर ३९. बार असे लावा की ३८½ येईल. पूर्ण ३८ वर खेचायला जाऊ नका.

हळू_चालवा
आणि ब्रेक कंट्रोलरचा गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) रिकाम्या सपाट रस्त्यावर, २०-२५ मैलांत लावा. गाडीच्या ब्रेकला पाय न लावता फक्त कंट्रोलरची पट्टी दाबायची. ट्रेलरची चाकं जाम होतील त्याच्या एक पायरी खाली थांबायचं. टनेलवरून सिल्व्हरथॉर्न गावाकडे उतरताना टो-हॉल मोड (ओझ्यासाठीचा गिअर मोड) चालू, गिअर खालचा, ब्रेक धरून न ठेवता थोडा वेळ जोरात दाबून सोडायचा. ट्रेलरच्या टायरवर डॉटच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष. सहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही नवी दिसो, बदला.

डोंगरवाट
ट्रेलरचे टायर १४१८. म्हणजे २०१८चा चौदावा आठवडा. चारही बदलतो. टाकी ॲक्सलच्या पुढे आहे. शनिवारी गचे पैसे देतोय, झाकण विक्रेत्याला परत.

पान्हा_नं_१०
झाकण काढलंत म्हणजे आणखी ६० मिळाले. जनरेटर नेता येईल.