मदत हवी आहे: पीएसए वाढलेला, प्रोस्टेटची बायोप्सी कुठल्या मार्गाने करावी?

बाबा ६८ वर्षांचे, आम्ही सांगलीत. रात्री लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून तपासलं, तर पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्तचाचणी) ११.४. इन्फेक्शन असेल म्हणून डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिक दिलं; काही आठवड्यांनी पुन्हा केला तर ९.८. मग एमआरआय. उजव्या बाजूला १२ मिमीचा डाग, पायरॅड्स (एमआरआयवरून कॅन्सरच्या संशयाची १ ते ५ श्रेणी) ४. म्हणजे संशय दाट, पण कॅन्सर आहेच असं नाही, एवढं कळलंय. त्यामुळे ‘घाबरू नका’ सोडून काहीही सांगा!

अडचण बायोप्सीची. आमचे डॉक्टर गुदद्वारातून करतात. बाबांना मधुमेह आहे, म्हणून जंतुसंसर्गाची धास्ती. अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून, म्हणजे ट्रान्सपेरिनिअल केली तर तो धोका कमी असतो म्हणे. जुना स्टेंट आहे, पण क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) थांबवायला हृदयाच्या डॉक्टरांनी परवानगी दिलीय, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवून. किडनीचे रिपोर्ट नॉर्मल. मुंबईला वारंवार जाणं जमणार नाही.

मिरज, कोल्हापूर किंवा पुण्यात एमआरआयच्या आधारे ट्रान्सपेरिनिअल बायोप्सी कोणी करून घेतलीय का? जागेपुरती भूल चालली की पूर्ण द्यावी लागली? खर्च साधारण किती आला, आणि मेडिक्लेममध्ये बसला का?