पोट, विरजण आणि वजनाचा काटा: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती
दिवाळीनंतर वजन ७८ झालं. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "प्रोबायोटिक घे, म्हणजे पोटाला चांगल्या जिवंत जंतूंची कॅप्सूल. पोटातले जिवाणू बदलले की वजन आपोआप उतरतं." तीन महिने रोज एक कॅप्सूल घेतली. पोट साफ व्हायला लागलं, जेवल्यावर नाडी सैल करावी लागेना. काटा मात्र ७७.६. तेवढं तर तांब्याभर पाण्यानेही परत येतं! कुणाचं खरंच उतरलंय का? नुसतं 'मस्त फरक पडला' नको. सोबत आणखी काय बदललं तेही लिहा.

नाचणीवाली
माझे पाच महिन्यांत चार किलो गेले, आंबिलीवर. रात्री नाचणीचं पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी आंबूस वास आला की शिजवायचं. पूर्ण गार झाल्यावर ताक, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. ताक गरम आंबिलीत ओतू नका, त्यातले जिवाणू मरतात. पिठातले तर शिजतानाच गेलेले असतात. आता खरं सांगते: आंबील सुरू करण्याआधी मी सकाळी चहाबरोबर पाच-सहा खारी खायचे. चार किलो आंबिलीने नेले की खारीने, देव जाणे.

कढीप्रेमी
म्हणजे कढी गेली कामातून?

नाचणीवाली
कढी चवीसाठी खा हो, जिवाणू कशाला मोजताय!

सातारकर
सासऱ्यांना दाढेसाठी अँटिबायोटिक दिलं आणि जुलाब लागले. डॉक्टरांनी सॅकॅरोमायसिस बुलार्डीची पुडी दिली. ते यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही. दोन दिवसांत थांबले. पुडीने थांबले की आपोआप, सांगता येत नाही. वजन दीड किलो उतरलं होतं, पण ते पाणी. आठवड्यात भरून आलं. आत्याची केमो चालू असताना मात्र तिच्या डॉक्टरांनी ही पुडी द्यायला साफ नकार दिला. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर जिवंत जंतू रक्तात उतरण्याचा धोका असतो. घरात औषध उरलंय म्हणून कुणालाही देऊ नका.

डॉर्टमुंडहून
इथे जर्मनीत दुकानातला बाटलीबंद आंबट कोबी बहुधा पाश्चराइज्ड (तापवून जंतू मारलेला) असतो, म्हणून घरीच घालते. किलोभर कोबीला २० ग्रॅम मीठ, चुरून पाणी सुटेपर्यंत. पहिला आठवडा पोटाचा नगारा झाला होता, शेजारी बसायची सोय नाही! मग चमच्या-चमच्याने वाढवला. वजन? दोन किलो वाढलं. इथला पाव फार चांगला मिळतो.

शंकेखोर
पाकिटावर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' हे जिवाणूंच्या कुळाचं नाव असेल तर काही कळत नाही. गुण स्ट्रेनवर, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या उपप्रकारावर ठरतो. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने (तिथल्या पोटविकारतज्ज्ञांची संघटना) २०२० मध्ये आयबीएससाठीसुद्धा (पोटदुखी आणि जुलाब किंवा बद्धकोष्ठाचा आतड्याचा जुनाट त्रास) प्रोबायोटिक सरसकट सुचवलं नाही. आणि आतल्या जिवाणूंना खायला तंतू लागतात: डाळी, भाज्या, भाकरी. मी साखर घातलेलं दही 'प्रोबायोटिक' म्हणून वर्षभर वाटीने खाल्लं. पुढचं विचारू नका.

धागाकर्ती
कॅप्सूल संपल्या, नव्या आणल्या नाहीत. काल रात्री नाचणी भिजवली. सकाळी नवरा झाकण उघडून म्हणाला, "हे काहीतरी नासलंय, टाकून देऊ का?"