एडीएचडीच्या गोळ्या आणि वयात आलेले मुलगे: तुमचे अनुभव सांगा

धागा सुरू करणारी, प्रतापनगर
मुलगा चौदा वर्षांचा. एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार. त्यासाठी जुलैपासून मिथाइलफेनिडेटच्या गोळ्या सुरू आहेत. वह्या पूर्ण असतात, शाळेतून फोन येणं थांबलं. पण डबा जसाच्या तसा परत येतो. वजन 46 किलोवरून 43 वर आलं. विचारलं की म्हणतो, ‘भूकच नाही ना.’ तुमच्या घरी काय झालं, तुम्ही काय केलं ते लिहा. डोस सुचवू नका, तो डॉक्टरांचा प्रश्न.

मानेवाड्याची आई
आमच्याकडेही हेच होतं. आता गोळीच्या आधी पोटभर खाऊ घालते. पोहे, दूध, केळं, जे जाईल ते. दुपारच्या डब्याचा आग्रह सोडला. रात्री साडेनऊला हा भुकेनं स्वयंपाकघरात घुटमळायचा आणि मी रागवायची, ‘ही काय जेवायची वेळ?’ त्याची तीच वेळ आहे हे कळायला मला पाच महिने लागले. आता तेव्हाच गरम भाकरी आणि तुपाचं वरण वाढते. वजन हळूहळू सावरलं.

महालातले बाबा
संध्याकाळी पाच वाजले की आमच्या घरी भांडण. साधी गोळी तीन-चार तास चालते, आणि उतरताना काही मुलांची चिडचिड उसळते. मला ते माहीत नव्हतं. पोट्टा उद्धट होऊन राहिला असं समजून मी एकदा हात उचलला. ते अजून सलतं. मग आठवडाभर वेळा लिहून काढल्या: गोळी किती वाजता, राग किती वाजता. डॉक्टरांनी तो कागद बघूनच दिवसभर चालणारी गोळी दिली. संध्याकाळ शांत झाली, पण झोप एक वाजेपर्यंत येईना. मग गोळी सकाळी सातच्या आत द्यायला लागलो, तेव्हा जमलं.

आता बावीस वर्षांचा, इतवारी
मी तेराव्या वर्षापासून चार वर्षं घेतली. भुकेपेक्षा मला वेगळाच त्रास होता. दरवर्षी नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या (इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीत ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडून माझा घसा बसायचा. त्या वर्षी पिवळी मारबत समोरून गेली आणि मी नुसता उभा. वाईट वाटत नव्हतं, काहीच वाटत नव्हतं. घरचे खूश होते, पोरगा शांत झाला म्हणून. मी सांगितलं नाही, कारण सांगायचं काय तेच कळत नव्हतं. शेवटी मित्र आईला म्हणाला, ‘काकू, हा आता हसत नाही.’ डोस कमी झाला आणि दोन आठवड्यांत मी पुन्हा बडबड करायला लागलो. ‘कसं वाटतं?’ विचारलं तर मुलगा ‘बरं’च म्हणेल. त्याच्या मित्रांना विचारा.

अजून एक, कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. या औषधानं क्वचित लिंगाला दुखरी ताठरता येते आणि ती उतरत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2013 मध्ये तसा इशारा दिला होता. चार तासांहून जास्त राहिली तर लगेच इस्पितळात जायचं, उशिरानं कायमची इजा होऊ शकते. मला झालं नाही, पण झालं असतं तर लाजेनं मी गप्प बसलो असतो. बाबांनी किंवा मामांनी हे आधीच सांगून ठेवावं.

सदरची मावशी
भाच्याकडे कोचिंगमधल्या मित्रानं परीक्षेआधी एक गोळी मागितली. हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, आणि दुसऱ्याच्या हृदयाचं काय ते आपल्याला ठाऊक नसतं. गोळ्या आम्ही कुलपात ठेवतो. प्रत्येक मेडिकलमध्ये मिळतही नाहीत, म्हणून संपायच्या आठ दिवस आधी शोध सुरू करतो.

हिंगण्याहून, दोन मुलांची आई
मोठा सारखे डोळे मिचकावायला लागला, मान झटकायचा. डॉक्टरांनी गोळी बदलून ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचंच दुसरं औषध दिलं. त्याचा गुण यायला काही आठवडे गेले, सुरुवातीला मळमळ होती. दर सहा महिन्यांनी उंची, वजन, नाडी, बीपी मोजून घेतो.

धागा सुरू करणारी, प्रतापनगर
सगळ्यांचं वाचून काल त्याला घेऊन गेले. पहिल्यांदाच मी बाहेर बसले, तो एकटा आत. वीस मिनिटं बोलला. काय बोलला ते विचारलं नाही. परत येताना स्वतःच म्हणाला, ‘डब्याचा वासच नको वाटतो, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो.’ डोस तूर्त तोच आहे. महिन्यानं पुन्हा वजन करायचंय. रात्री साडेनऊला ताट वाढलं, दीड भाकरी खाल्ली.