सबमीटरवर भार एक-तृतीयांशच दिसतो आणि डेटा मध्येच तुटतो

प्रश्न (कुंडई, फोंडा)

नमस्कार. कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. वीज खात्याचे बिल एकच येते. पण काजूबिया वाफवण्याची शेड, ड्रायर आणि पॅकिंगची खोली यांचा वापर वेगवेगळा कळावा म्हणून खात्याच्या मीटरला हात न लावता, त्याच्या पुढे आमच्याच तीन पॅनेलांत थ्री-फेज सबमीटर बसवून घेतले. प्रत्येकाला १००/५ चे (१०० अँपिअरचे ५ अँपिअर करणारे) तीन सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, आहेत आणि तिन्ही मीटर आरएस-४८५ (डेटा नेणाऱ्या) केबलने कार्यालयातील संगणकाला जोडले आहेत.

ड्रायर चालू असताना क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणाऱ्या) प्रत्येक फेजला सुमारे ३० अँपिअर दिसतात. २३० व्होल्ट आणि ०.८७ पॉवर फॅक्टर धरला तर एकूण भार १८ किलोवॅट यायला हवा, परंतु सबमीटर जेमतेम ६ दाखवतो. शिवाय ड्रायरच्या पंख्याचा ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) सुरू झाला की संगणकावरची रीडिंग तुटतात. ज्यांनी काम केले ते मीटर सदोष असल्याचे सांगून परत पाठवण्याचा सल्ला देतात. तसे करावे का?

उत्तर १ (मडगाव, परवानाधारक विद्युत कंत्राटदार)

मीटर परत पाठवू नका. आपण दिलेले आकडेच बोलके आहेत. एका फेजचा सीटी उलटा बसला असेल, तर त्या फेजची शक्ती ऋण मोजली जाते आणि समतोल भारावर ६ अधिक ६ वजा ६, म्हणजे ६ किलोवॅटच उरतात. एका फेजच्या व्होल्टेजचा फ्यूज गेला असता तर दोन-तृतीयांश दिसले असते, आणि दोन फेजचे सीटी आपापसांत बदलले असते तर एकूण जवळपास शून्य झाले असते. मीटरमध्ये सीटीचे प्रमाण चुकीचे भरले असते, तर अँपिअरचा आकडाही क्लॅम्प मीटरशी जुळला नसता. म्हणून मीटरच्या पडद्यावर प्रत्येक फेजचे किलोवॅट वेगळे पाहा. जिथे उणे चिन्ह असेल तिथे सीटीवर पी१ लिहिलेली बाजू पुरवठ्याकडे आहे का, आणि एस१ व एस२ च्या (सीटीतून मीटरकडे येणाऱ्या, म्हणजे दुय्यम) तारा योग्य टर्मिनलवर आहेत का, हे तपासून घ्या.

मात्र एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. केबलमधून विद्युतप्रवाह वाहत असताना सीटीच्या दुय्यम तारा कधीही सोडू नका. मार्ग तुटला की सीटी तो प्रवाह टिकवण्यासाठी टर्मिनलवर धोकादायक व्होल्टेज निर्माण करतो, त्यात माणूस दगावू शकतो आणि सीटीही जळतो. पॅनेलचा पुरवठा बंद करून, तो बंद असल्याची टेस्टरने खात्री करून मगच काम करावे, आणि तेही परवानाधारक माणसाकडून. सीटी आणि मीटर यांच्या मध्ये शॉर्टिंग लिंक (सीटीच्या तारा आपसांत जोडून ठेवणारी पट्टी) असलेला टर्मिनल ब्लॉक नसेल, तर याच वेळी बसवून घ्या. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत तो उपयोगी पडेल.

मागील महिन्यांच्या नोंदींना तीनने गुणून हिशेब पूर्ण करू नका. भार सदैव समतोल नसतो, त्यामुळे तो गुणाकार विश्वासार्ह नाही.

उत्तर २ (वास्को, इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञ)

डेटाविषयी लिहितो. आरएस-४८५ ची केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळीने न्यावी लागते. कार्यालयातून तीन शेडांना तीन फाटे काढले असतील, तर तेच पहिले कारण समजावे. केबल पीळ दिलेल्या जोडीची आणि शील्डची हवी. साखळीच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचा रोधक असावा. पुरवठा बंद करून ए आणि बी या डेटाच्या दोन तारांमध्ये ओहम मोजा: सुमारे ६० आले तर ठीक, ४० आले तर तीन रोधक चालू आहेत. शील्डचे अर्थिंग एकाच टोकाला करा. ड्राइव्हच्या मोटर केबलपासून डेटा केबल किमान फूटभर दूर ठेवा आणि ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडा. प्रत्येक मीटरचा मॉडबस क्रमांक (साखळीतला पत्ता) वेगळा, पण बॉड रेट (डेटाचा वेग) आणि पॅरिटी (चूक तपासण्याची सेटिंग) सर्वांची सारखी हवी. काही उत्पादक ए आणि बी ही नावे उलटी लावतात, तेही पाहा.

आपल्याकडे पावसाळ्यात पॅनेलमध्ये ओल शिरते; केबल खालून घ्या, ग्लँड (केबल शिरते त्या छिद्राचे सील) घट्ट लावा आणि न वापरलेली छिद्रे बंद करा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बी (निळ्या) फेजचा सीटी खरोखरच उलटा होता. परवानाधारक माणसाकडून पुरवठा बंद करून तो फिरवून घेतल्यावर १८ किलोवॅट दिसू लागले. ओहम ४० आले, कारण तिन्ही मीटरांचे रोधकाचे स्विच चालू होते. साखळीतील मधल्या मीटरचा स्विच बंद केला, केबल ड्राइव्हपासून वेगळ्या पाइपमधून नेली, आणि दोन दिवसांत एकही रीडिंग तुटले नाही. आता विचारतो की ड्रायरचा मीटर पॅनेलमधून काढून, सीटीच्या तारा १० मीटर वाढवून कार्यालयाच्या भिंतीवर लावला तर चालेल का?

उत्तर १ (मडगाव)

नेऊ नका. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन २० मीटरला सुमारे ०.१५ ओहम रोध असतो, म्हणजे ५ अँपिअरला जवळपास ३.७ व्हीए (व्होल्ट-अँपिअर) नुसत्या तारेतच खर्च होतात. आपल्या सीटीची क्षमता २.५ व्हीएचीच असेल, तर भार वाढताच अचूकता ढळेल. अंतर कापायचे असेल तर ते डेटा केबलने कापा. ती १,२०० मीटरपर्यंत जाते. मीटर भिंतीवर हवाच असेल, तर १ अँपिअर दुय्यम प्रवाहाचे सीटी घ्या, तेवढ्याच तारेत खर्च पंचविसाव्या हिश्शाइतका होतो. मीटर तो १ अँपिअर स्वीकारतो का, हे मात्र त्याच्या पट्टीवर आधी वाचून घ्या.