उन्हाळ्यात मुलांना घेऊन बाहेर कुठे जावं? (खर्च बेताचा हवा)

दोघांची_आई:
सुट्ट्या लागल्यात आणि पारा चाळिशीच्या खाली यायचं नाव घेत नाही. घरात साडेचार वर्षांची एक, नऊ वर्षांचा एक आणि गुडघे धरलेल्या सासूबाई. पोरांना बाहेर काढायचंय, पण मॉलचा कंटाळा आलाय. गारवा फुकट म्हणून आत शिरायचं आणि खिसा रिकामा करून बाहेर पडायचं. वॉटर पार्कची तिकिटं सगळ्यांची मिळून परवडत नाहीत. परवा चारच्या सुमारास बागेत गेलो, तर धाकटी घसरगुंडीवर बसली आणि किंचाळतच उठली, मांडीला लाल चट्टा. उघड्यावरचं, फुकट किंवा फुकटाच्या आसपासचं काही सुचवा. फक्त "संध्याकाळी जा" एवढंच नका सांगू प्लीज, सहा वाजताही अंगाची लाही होते.

निवृत्त_मोजणीदार:
ताई, संध्याकाळचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. लोक उगाच संध्याकाळीचा सल्ला देतात.

माझी सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली. उन्हाळ्यात आम्ही उजाडायच्या आत साइटवर हजर. एक तर ऊन टाळायचं, आणि दुसरं म्हणजे दहाच्या पुढे दुर्बिणीतून आकडाच वाचता येत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा लवलवायला लागते, पट्टीवरचे आकडे नाचतात. पट्टीचा खालचा भाग सगळ्यात जास्त हलतो, वरचा त्या मानाने स्थिर. म्हणजे खरी तापलेली हवा जमिनीलगत. आता तुमच्या धाकटीचं नाक कुठल्या उंचीवर आहे बघा. मोबाइलवर दिसतं ते तापमान सावलीत आणि जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर मोजलेल्या हवेचं असतं. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या पोराला ते लागू नाही.

दिवसातला सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आसपासचा. सगळ्यात तापलेला वेळ बाराचा नाही, त्यानंतर दोन-तीन तासांनी येतो, आणि मग भिंती-फरशा रात्री उशिरापर्यंत आतली धग बाहेर टाकत राहतात. म्हणून जागा नंतर शोधा, आधी वेळ ठरवा. पोरं सुट्टीत उशिरा उठतात हे मला माहीत आहे. आमची नातवंडंही तशीच. आदल्या रात्री "उद्या अंधारात निघायचंय" एवढं म्हणा, ती तुमच्या आधी तयार होतील. दिवसाउजेडी निघण्यात त्यांना काही मजा वाटत नाही.

परत कधी फिरायचं हे थोरल्याला ठरवू द्या. त्याची सावली त्याच्या उंचीएवढी झाली की सूर्य ४५ अंशांवर आला. उन्हाळ्यात सूर्योदयानंतर साधारण तीन-सव्वातीन तासांनी हे होतं. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की घराकडे वळायचं. आडवं झोपून माप घ्यायला मुलांना फार आवडतं, कपडे मळतील तेवढी तयारी ठेवा. हा नियम सकाळपुरताच. दुपारनंतर सावली लांबते, पण जमीन तापलेलीच असते.

जागा म्हणाल तर माझी पहिली पसंती रोपवाटिकेला. वर हिरवी जाळी, खाली सतत मारलेलं पाणी, त्यामुळे बाहेरच्यापेक्षा हवा चांगलीच नरम असते. आत यायला बहुतेक ठिकाणी कोणी पैसे मागत नाही. झारी हातात दिली तर पोरं तासभर हलत नाहीत, मात्र आधी माळ्याला विचारा. दुसरी जागा म्हणजे जुन्या, मोठ्या झाडांचा रस्ता किंवा कॉलेजचं आवार. झाड नुसती सावली देत नाही, पानांतून पाण्याची वाफ सोडून भोवतालची हवाही गार करतं. पत्र्याच्या शेडखाली तसं होत नाही, तापलेला पत्राच वरून शेकतो.

आणि घसरगुंडी, झोपाळ्याची साखळी, बाकडं, काहीही असो, आधी आपल्या हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवून बघायची. आपल्याला धरवत नसेल तर पोराला बसवायचं नाही. रबराची मॅटही तितकीच तापते.

खारा_वारा:
काकांचं सगळं पटलं, पण हे कोरड्या उन्हाळ्याचं गणित आहे. आम्ही समुद्रकाठचे. आमच्याकडे पहाटेही घाम निथळत असतो, कारण हवेतच इतकी वाफ की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. ओला पंचा मानेवर टाकायची युक्तीसुद्धा कोरड्या हवेतच लागू पडते. दमट शहरात सावलीइतकंच वाऱ्यालाही महत्त्व. जमीन तापली की वारा समुद्रावरून आत येतो, बहुधा दुपारी जोर धरतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. त्यामुळे आम्ही किनाऱ्यावर सूर्य कलल्यावरच जातो, वाळू पायाला सोसेल अशी झाल्यावर. किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत इमारतींच्या मागे तोच वारा मिळत नाही.

एक मात्र सगळीकडे सारखं. मूल चिडचिड करता करता एकदम गप्प झालं, चालताना झोकांड्या देऊ लागलं किंवा असंबद्ध बोलू लागलं, तर "दमलं असेल" म्हणू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

दोघांची_आई:
सावलीचं माप थोरल्याने आत्ताच भिंतीवर पेन्सिलने आखून ठेवलंय! रोपवाटिका आमच्या जवळच आहे, कधी डोक्यातच आलं नाही. सासूबाईंचं काय करू पण? त्यांना फार चालवत नाही आणि घरी एकटं ठेवून जायला मन होत नाही.

निवृत्त_मोजणीदार:
वहिनींना चालवूच नका. शहर बसची सकाळची पहिली फेरी धरा, खिडकीजवळ बसवा, शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि त्याच बसने परत या. गर्दी नसते, वारा लागतो, आणि ज्यांचं अर्धं आयुष्य त्या शहरात गेलंय त्या रस्ताभर पोरांना सांगत बसतात की इथे आधी काय होतं. बसभाड्यात एवढं मिळालं तर अजून काय हवं. वयस्कर माणसाला तहान उशिरा कळते, तेव्हा मागायची वाट न पाहता पाणी पुढे करत जा.

रातकिडा:
रात्रीचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. गच्चीची फरशी आठ वाजताही तळवे भाजते, म्हणून सूर्य मावळल्यावर पाणी मारून ठेवायचं. दोरीवर पांढरी चादर टांगायची, मागे एक दिवा. अर्ध्या तासात पतंग, टोळ, नाकतोडे हजर. आवाजाने बुजणारी मुलंही यात रमतात. मे-जूनमध्ये अंधार पडला की आग्नेयेला वृश्चिक वर येतो, त्यातला लालसर तारा ज्येष्ठा, शहरातल्या उजेडातही दिसतो. साधी दुर्बीण असेल तर गुरूचे चार चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात, गॅलिलिओने १६१० मध्ये टिपलेले तेच. आणि अंतराळ स्थानक कधी डोक्यावरून जाणार ते मोबाइलवर कळतं. ते दिव्यासारखं चकाकत चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडतं.

निवृत्त_मोजणीदार:
वा! मग भर दुपारची एक सहल मीही सांगतो, तीही दारातच. तुमचं शहर कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मध्ये असेल तर वर्षातून दोन दिवस सूर्य बरोबर माथ्यावर येतो. शून्य सावली दिवस म्हणतात तो. त्या वेळी उभी ठेवलेली बाटली सावली पाडत नाही, सावली तळाखाली गडप. तुमच्या गावाच्या दोन्ही तारखा आणि मिनिट शोधून ठेवा, कारण घड्याळातले बारा आणि सूर्याची मध्यान्ह सहसा जुळत नाहीत. पाच मिनिटं आधी उतरा, डोक्यावर टोपी, पायात चप्पल, दहा मिनिटांत परत घरात. बाटली सरळ कडांची घ्या, निमुळत्या बाटलीने नीट कळत नाही, आणि फरशी सपाट आहे का ते आधी बघून ठेवा.